बांधावरचा मावा

मंगळवार, ६

निघताना साहेबांना पुन्हा एकदा सांगितलं, की ज्या खोऱ्यात मला पाठवताय तिथं माझ्या सख्ख्या भावाचं शेत आहे आणि तेही बियाण्याच्या बटाट्याचं. साहेब म्हणाले, "म्हणून तर तुम्ही जा. तुमच्यावर कुत्री तरी भुंकणार नाहीत."

दादाच्या कुत्र्याने फाटकातच माझी एक चप्पल पळवली.

रोग असा आहे: पानं कडेने वर वळतात, त्यांची सुरळी होते, हात लावला तर कडक, जुन्या कागदासारखी वाजतात. झाड खुरटतं. कंद सुपारीएवढा राहतो, आणि कापला तर आत तपकिरी जाळी. विषाणूचा रोग आहे यात शंका नाही. साहेबांना दोन उत्तरं हवीत. आला कुठून, आणि पसरवतंय कोण. तीही काढणीच्या आधी, कारण एकदा काढणी झाली की यातले कितीतरी बटाटे बियाणं म्हणून चारी दिशांना जातील.

वहिनीने वरच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवून मला टेबल करून दिलं. सूक्ष्मदर्शक आता रिळांच्या डब्याशेजारी बसलाय. खिडकीतून दादाचं सगळं शेत दिसतं, त्यापुढे बांध, बांधापलीकडे मास्तरांचं शेत. मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ बटाटेवाले झाले.

जेवताना दादाने विचारलं, "किती दिवस राहणार, चिमणे?" एरवी मी निघताना तो तोंड पाडून बसतो. या वेळी प्रश्न आल्याआल्याच.

बुधवार, ७

दिवसभर शेतं पालथी घातली. पाय माझे राहिलेले नाहीत.

या रोगात एक सोय आहे. बियाण्यातून आलेला असेल तर खालची पानं आधी वळतात, झाड जन्मापासूनच खुजं असतं. यंदाच किड्याने आणून सोडला असेल तर शेंड्याची पानं वळतात. मास्तरांकडे सगळीकडे शेंडे वळलेले. म्हणजे किडा. शेजारच्या दोन-तीन शेतांतही तेच. आणि सगळ्यात वाईट हाल बांधालगतच्या ओळींचे, दादाच्या बाजूने.

दादाचं शेत मी शेवटी घेतलं. भीती वाटत होती, लिहायला काय जातंय. यंदा त्याने नवं वाण आणलंय, लाल सालीचं, दूरच्या एका व्यापाऱ्याकडून. त्याची वाढ करून पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्याला द्यायचं, असं त्याच्या मनात आहे. ओळ ओळ चालले. एक पान वळलेलं नाही! झाडं दणकट, हिरवीगार. मधेमधे फटी आहेत तेवढ्या, कुठं एक झाड नाही, कुठं सलग तीन-चार.

"उगवणच कमी झाली यंदा," दादा म्हणाला.

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो कळवळला. पाठ धरलीय म्हणाला.

शनिवार, १०

नकाशा काढला. रोगट झाडं दिसली तिथं लाल ठिपके. सगळं खोरं ठिपक्यांनी भरलं, मधोमध एक पांढरा चौकोन. दादाचं शेत. जितकं त्याच्या जवळ जावं तितके ठिपके दाट, आणि त्याच्या कडेवर पोचलं की एकदम काहीच नाही.

वारा? वारा पश्चिमेचा, मग पूर्वेलाच जास्त हवं. चारी बाजूंना आहे. माती? बांध ओलांडला म्हणून माती बदलत नाही. सकाळपासून डोक्याचा भुगा झाला.

संध्याकाळी एकदम सुचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. वाण! दादाच्या लाल सालीच्या वाणाला हा रोग लागतच नसेल तर? किडा येतो, बसतो, आणि वाण दाद देत नाही. असं वाण मिळावं म्हणून आमच्या खात्यातले लोक आयुष्य घालवतात.

धावत खाली गेले. वहिनी टेबलावर डोकं टेकून झोपली होती, हातात अर्धी चिरलेली दुधी. तिला हलवून उठवलं. तिची बोटं नखांपर्यंत हिरवी. "टोमॅटो बांधत होते," म्हणाली. दोघं हल्ली उजाडायच्या आधी उठतात. वय झालं की झोप कमी होते म्हणतात, पण मग माणूस दुधी चिरताना झोपत नाही.

दादाला वाणाचं सांगितलं. तो नाचेल असं वाटलं होतं.

"हे कुणाला बोललीस?"

"अजून कुणाला नाही. मास्तरांना सांगणार आहे."

तो उठून हात धुवायला गेला. हात धुतलेलेच होते.

सोमवार, १२

माझी कीटकवाली सहकारी आली. आयुष्यभर माव्यावर काम केलं म्हणून कार्यालयात तिला सगळे मावशी म्हणतात. माव्याची मावशी. तिला आवडतं. तिच्या गाडीत मागच्या सीटवर बर्फाचा डबा, नळ्या, पिवळे चिकट सापळे आणि एक ब्लँकेट. "मुक्काम करावा लागला तर गाडीत झोपीन, तुझ्या भावाला त्रास नको," म्हणाली, आणि वहिनीचा स्वयंपाक बघून अर्थातच राहिली.

बांधावर काठ्या रोवून सापळे लावले. ती कामगारांना समजावत होती: मावा हा सुईच्या टोकाएवढा किडा, पानाच्या पाठीवर बसून रस पितो. बहुतेकांना पंख नसतात. गर्दी झाली किंवा झाड मरायला लागलं की पंखवाले जन्मतात, आणि मग ते घर सोडतात.

दादाच्या शेतातून चालताना ती थांबली.

"या फटी कसल्या गं?"

"उगवण कमी झाली."

"असं कोण म्हणालं?"

"दादा."

"हं."

तिच्या "हं"ला नेहमी शेपूट असतं. मी ते धरलं नाही. वाणाचं सांगितलं तर म्हणाली, "असेलही. मावा काही तुझ्या भावाला ओळखत नाही, हे लक्षात ठेव म्हणजे झालं."

गुरुवार, १५

काहीच जुळत नाही.

बांधावरच्या सापळ्यांवर पंखवाल्या माव्याचा थर बसलाय. दुसरीकडचे सापळे जवळजवळ कोरे. म्हणजे मावा बांधापाशीच उडतोय. पण दादाच्या झाडांवर पानं उलटून उलटून पाहिलं तर तुरळक. मास्तरांकडे बिनपंखी पिल्लं, म्हणजे तिथं येऊन वसलेली. मग उडालेत कुठून? जमिनीतून वर येतात का?

बांधाच्या खाली गवताच्या आड वाळका पाला टाकलेला दिसला, बराच. दादा म्हणाला तण आहे. तण फार झालंय यंदा. वाकून बघणार होते, पण तेवढ्यात त्याने हाक मारली, चहा झाला म्हणून.

रात्री जेवताना त्याच्याकडे दोन-चार कंद मागितले, लाल सालीचे, कापून बघायला. वाणाचं सिद्ध करायचं तर आतली जाळी नाही हे दाखवायला हवं.

"आत्ता उकरू नकोस."

"दोनच, दादा."

"एकदा सांगितलं ना."

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून या माणसाने मला नाही म्हटल्याचं आठवत नाही. मी ताट सोडून वर आले. वहिनी मागून आली, दारात उभी राहिली, काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "पांघरूण पुरतंय ना, वन्सं?" आणि गेली.

काय झालंय या घराला?

रविवार, १८

मास्तर आले. स्वयंपाकघरातच बसले. वहिनीने चहा ठेवला, त्याला हात लावला नाही. दादा खिडकीपाशी उभा होता. मास्तरांनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं.

"मला फक्त एवढं सांगा. बियाणं की किडा?"

"किडा," मी म्हणाले. "तुमच्याकडे शेंड्याची पानं वळलीत. तुमचं बियाणं चांगलंच होतं."

"मग किडा माझ्याच घरी का? मधे नुसता बांध आहे."

मी वाणाचं सांगितलं. अजून सिद्ध नाही, पण शक्यता मोठी आहे म्हणाले. मास्तरांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी थोडा उजेड आला. आता ते दादाकडे वळले. "मग मला पुढच्या वर्षी तुझं लाल वाणच दे. बाकी सगळं मोडून तेच लावतो."

वहिनीच्या हातातून झाकण पडलं. गोल गोल फिरत राहिलं, कुणी उचललं नाही. दादा मागच्या दाराने बाहेर गेला. त्याच्या चपला पुढच्या दारात होत्या.

मास्तर म्हणाले, "लाजाळू आहे. कौतुक सोसत नाही त्याला." मीही हो म्हणाले.

मंगळवार, २०

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. मास्तरांच्या झाडांत विषाणू आहे. बांधावरच्या पंखवाल्या माव्याच्या पोटातही आहे.

मावशी म्हणाली, "बस इथं. मावा हा विषाणू आईकडून घेऊन जन्मत नाही. त्याला आजारी झाडावर बसून रस प्यावा लागतो. म्हणजे बांधाजवळ कुठंतरी जुनं आजारी झाड आहे. एक नाही, पुष्कळ."

"मला तर कुठं दिसत नाही."

"दिसत नाही, की तू बघत नाहीस?"

भांडले तिच्याशी. चांगलं कडकडून. मग तिला दाखवून द्यायचं म्हणून ओढ्याकाठचं रान, रस्त्याकडेचं गवत, लोकांच्या परसातले टोमॅटो, जे जे हिरवं दिसलं ते ते तपासलं. खाजकुयलीने हात सुजले. एका बाईने तिच्या कुंड्या तपासल्या म्हणून मला हाकलून दिलं. काही नाही सापडलं. संध्याकाळी सुजलेले हात पाण्यात बुडवून बसले तर दादाने येऊन मलम लावलं. त्याच्या तळव्यांना नवे फोड आहेत. हा माणूस आयुष्यभर शेतात राबला. त्याला फोड कसले येतात आता?

गुरुवार, २२

उन्हाच्या आधी सापळे बदलावेत म्हणून आज लवकर उठले. नुकतं फटफटत होतं.

शेतात दोघं वाकलेली होती. पहिल्यांदा वाटलं, न्याहारीला बटाटे काढतायत. मी हाक मारायला तोंडही उघडलं.

दादा ओळीतून चालत होता. एका झाडापाशी थांबला, खालचं पान बोटाने उलटलं, आणि झाड मुळासकट उपटलं. खुजं झाड, खालची पानं सुरळी झालेली. मांडीवर दोनदा आपटून त्याने माती झाडली. वहिनीने पोतं पुढे केलं, त्यात लालसर कंद टाकले, खड्डा पायाने बुजवला. पाला दादाने बांधाकडे भिरकावला.

तो झाड मांडीवर आपटायचा तेव्हा त्यातून काहीतरी उठायचं. धूळ वाटेल असं, फिकट. आडव्या उजेडात ते क्षणभर तरंगायचं आणि मग बांधापलीकडे जायचं.

मी पुढे गेले नाही, मागेही नाही. वहिनीने मला आधी पाहिलं. तिने त्याच्या कोपराला हात लावला.

"उगवण चांगली झाली होती," दादा म्हणाला. "बियाणंच खराब निघालं. व्यापारी आता फोन उचलत नाही."

"कधीपासून उपटताय?"

"तू यायच्या आधीपासून. रोज नवी दिसतात." मग म्हणाला, "तू येणार कळलं तेव्हा जास्त लावून धरलं. तुला माझ्याविरुद्ध लिहावं लागलं असतं. तुझ्या नोकरीचं काय झालं असतं? आणि राहिली असती शेतात तर मास्तराकडे गेला असता ना रोग. म्हणून बघ, एक ठेवत नाही. एकही."

त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत प्रथमच मोकळेपणा होता. मनातलं सांगून टाकलेल्या माणसाचा. बरोबर केलं ना, असं विचारणारा.

मी म्हणाले, मला सापळे बदलायचेत.

शुक्रवार, २३

सरळ लिहून बघते, म्हणजे कदाचित कळेल.

आजारी झाड जागेवर असतं तर मावा त्यावरच बसून राहिला असता. काही उडाले असते, पण हळूहळू. झाड रोज उपटलं, आपटलं, बांधावर सुकायला टाकलं, म्हणून सगळा मावा एकदम बेघर झाला. समोर मास्तरांचं हिरवं शेत. पोटात विषाणू. आधी फवारून, मग उपटून, पिशवीत बांधून पुरलं असतं तर हेच काम बरोबर होतं. त्याने अर्धंच केलं, आणि त्या अर्ध्यानेच घात केला.

हे त्याला सांगायचं?

अहवालात लिहिता येईल: पंखवाल्या माव्यामुळे प्रसार, मूळ स्रोत आढळला नाही. उपटलेली झाडं आता शेतात नाहीतच. खोटं म्हणता यायचं नाही कुणाला. मी हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं, आणि ते चांगलं दिसतं, याचीच भीती वाटते. दुसरीकडे, लाल वाण मास्तरांना द्यायचं नाही एवढं तर सांगावंच लागणार. का, ते न सांगता?

मावशीला कालच कळलंय. पाला तिने गवतात पाहिला होता, पहिल्याच आठवड्यात. "मी किड्यांचं लिहीन," म्हणाली. "झाडांचं तू लिही." आणि गाडी धुवायला गेली.

दुपारी वहिनी वर आली. पलंगाच्या कडेवर टेकली.

"वन्सं, आम्ही उपटलं ते बरंच केलं ना? ह्यांना झोप लागत नाही. तुम्ही म्हणालात तर लागेल."

"हो," मी म्हणाले.

तिने डोळे पुसले, खाली गेली, आणि भर दुपारी झोपली. घोरण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी टेबलाशी बसून ऐकत राहिले.

रविवार, २५

सांगितलं. तोंडाने जमेना, म्हणून दाखवलं.

सकाळी शेतातून एक खुजं झाड मुळासकट आणलं, अलगद, ओल्या फडक्यात गुंडाळून. वरच्या खोलीत पांढरी चादर पसरून तिच्यावर ठेवलं आणि दादाला बोलावलं. तो म्हणाला, काय शाळा मांडलीस. बसला मात्र. भिंग दिलं. पानाच्या पाठीवर मावा कसा बसलाय ते त्याने पाहिलं. "बापरे, एवढा?" हौसेने पाहत होता, मला लहानपणी मुंग्यांचं वारूळ दाखवायचा तसा.

पानं सुकत चालली. जेवणाच्या वेळेला चादरीवर ठिपके चालायला लागले. आधी एकदोन, मग चहूकडे. पंखवाले पानाच्या टोकाशी जाऊन उडाले आणि खिडकीच्या काचेवर बसले.

"हे सगळे कुठं निघाले?" दादाने विचारलं.

"झाड मेलं. आता हिरवं पान शोधणार."

तो हसला. "हुशार आहेत." मग त्याने भिंगातून काचेकडे पाहिलं. भिंग खाली घेतलं. काचेपलीकडे बांध होता, बांधापलीकडे मास्तरांचं शेत.

मी म्हणाले, "दादा, तुला माहीत नव्हतं." त्याने माझ्या हातावरून हात फिरवला, उठला, टोपी घातली. मी मागे निघाले तर जिन्यात वळून म्हणाला, "तू नको येऊस."

खिडकीतून पाहिलं. बांधावर दोघं उभे. दादा बोलत होता, हात नुसते लोंबत होते. मास्तरांनी एकदाच काहीतरी विचारलं. मग ते पाठ फिरवून आपल्या घरात गेले आणि दार लावलं. दादा तिथंच उभा राहिला, कुणी थांबायला सांगितल्यासारखा. वहिनी जाऊन त्याला घेऊन आली.

बुधवार, २८

सोमवारी फवारलं. मावशी थांबली म्हणून नीट झालं. आज सगळं शेत उपटलं, चांगली झाडंसुद्धा, कारण त्यातली चांगली कोणती हे आता मी शपथेवर सांगू शकत नाही. नव्या वाणाला रोग लागत नाही म्हणणारी मीच! मास्तरांकडे जाऊन हे शब्द परत घेतले. त्यांनी दार उघडलं, ऐकलं, "बरं" म्हणाले. आणखी काही नाही.

पुरायला न्यायची पोती दादाच्या गाडीत भरली, पण आमच्या बाजूला गाडी वळवायला जागा पुरेना. दादा पुढे-मागे करून घामाघूम झाला. मास्तर त्यांच्या पायरीवर बसून बघत होते. मदतीला आले नाहीत. थोड्या वेळाने उठले, त्यांच्या शेताचं फाटक उघडलं, त्याला दगड लावला आणि परत जाऊन बसले. दादाने गाडी त्यांच्या आवारातून वळवली.

याचा अर्थ काय घ्यायचा, मला समजत नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, "फाटक उघडलं, एवढाच."

शुक्रवार, ३०

अहवाल संपवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच आहे. रोग लाल बियाण्यातून आला हे खरं, पण त्या बियाण्यात कुठून आला, कुणाच्या शेतातून, ते ठाऊक नाही. व्यापाऱ्याचं दुकान बंद आहे. तिथं मी मोकळी जागा सोडली. साहेबांना आवडणार नाही.

दुसरं उत्तर पूर्ण आहे. मावा, आणि तो का उडाला, ते सगळं. स्रोताच्या रकान्यात दादाचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात "माझा भाऊ". कागद त्याच्यापुढे ठेवला. तो सावकाश वाचत गेला, काही ठिकाणी मागे आला. "रोज उपटून बांधावर टाकल्यामुळे" या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"असं लिहिलं म्हणजे पुढच्याला कळेल ना, कसं करू नये?"

"कळेल."

"मग राहू दे."

त्याने कागद परत दिला. वहिनी ताटं पुसत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि पुढे आली.

"बघू. एकट्याचंच नाव?"

"शेत त्याच्या नावावर आहे, वहिनी."

"शेत असू दे कुणाच्याही नावावर. पोतं कुणी धरलं होतं? माझं घाला."

"अगं, कशाला..." दादा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो."

मी लिहिलं. तिने चष्मा लावला, कागद उजेडात नेला, आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते पाहिलं. मग कागद माझ्यापुढे ठेवून ती राहिलेली ताटं पुसायला गेली.